सॉफ्टनरमधलं मीठ संपतच नव्हतं

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरवेलचं पाणी मिसळून येतं, म्हणून सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) बसवलेला. पावसाळ्यात नळांवर पांढरे डाग पुन्हा दिसू लागले, साबणाला फेस येईना. टाकीतलं मीठ मात्र तेवढंच! संशय तिथेच आला. दमट हवेत मिठाची वर कडक पापडी धरते, खाली पोकळी राहते. मग मिठाचं पाणीच तयार होत नाही आणि रेझिनमध्ये (सॉफ्टनरमधल्या बारीक मण्यांमध्ये) अडकलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, म्हणजे पाण्यातला जडपणा, निघत नाही.

पाणी सॉफ्टनरला वळसा घालून जावं म्हणून बायपास फिरवला आणि विजेचा प्लग काढला. झाडूच्या लाकडी दांड्याने पापडी कडेकडेने फोडली (सळई नको, टाकीला भोक पडेल), ढेकळं काढून तळाचा गाळ धुतला. व्हॉल्व्हमधला इंजेक्टरही (मिठाचं पाणी ओढून घेणारा बारीक भोकाचा भाग) तुंबला होता. आधी आतलं प्रेशर सोडलं, मग तो काढून जुन्या टूथब्रशने साफ केला. त्यात पिन घालू नका; भोक मोठं झालं तर मिठाचं पाणी नीट ओढलं जात नाही.

मीठ गोळ्यांचंच घेतलं आणि अर्ध्या टाकीपर्यंतच भरलं. मग हाताने रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुणं, चालू केलं.

शेजारचे काका टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर घेऊन आले. "आकडा तर तेवढाच आहे हो!" असणारच. कॅल्शियम जातं तसं सोडियम येतं, त्यामुळे टीडीएस फारसा हलत नाही. जडपणा मोजायला थेंबांचं हार्डनेस किट लागतं. किटचे थेंब टाकल्यावर पाणी लगेच निळं झालं, म्हणजे जडपणा गेला होता, तेव्हा काकांनी मीटर खिशात टाकला आणि किट कुठे मिळतं ते विचारलं.