दुसऱ्या लॅबसोबत रिसर्च सुरू कसा करायचा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात गाडं अडतंच, सॅम्पल आहेत पण मशीन नाही, नाहीतर डेटा आहे पण तो वाचता येणारं कोणी नाही. अशा वेळी सगळं एकट्याने शिकत बसू नका, ज्याला येतं त्याच्याकडे जा.

आपल्या मुंबईचंच बघा ना. बॉम्बे ब्लड ग्रुप, ज्यात लाल पेशीवर एच अँटिजेनच (ए आणि बी ज्यापासून बनतात तो मूळ पदार्थ) नसतो आणि म्हणून ओ ग्रुपचं रक्तसुद्धा चालत नाही, त्याचा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला १९५२ चा पेपर काढून बघा, सात नावं आहेत. भेंडे, देशपांडे, भाटिया हे मुंबईचे आणि सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स हे लंडनचे. ते वेगळं रक्त सापडलं इथे, आणि रक्तगटांवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं होती तिकडे. मला हा पेपर फार आवडतो कारण कोणाकडे काय होतं ते लगेच कळतं.

तर आधी तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही ते दोन ओळीत लिहा. मग ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्या पेपरमधला मेथड्सचा भाग नीट वाचा आणि मेल करा, पण "तुमच्यासोबत काम करायची इच्छा आहे" एवढंच नको, त्याला कोणी काय उत्तर देणार. माझ्याकडे इतकी सॅम्पल आहेत, हे एक प्रोटीन बघायचंय, तुमची अमुक पद्धत लागेल, दोन दिवस येऊ का, असं लिहा. गाईडला सीसीमध्ये ठेवा. आठवड्यात उत्तर नाही आलं तर परत एकदा लिहा, लोक खरंच बिझी असतात.

भेटायला जाच. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) कुलाब्याच्या टोकाला, आयआयटी पवईला, ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) खारघरला, म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यामुळे प्रश्न वहीत लिहून न्या आणि सॅम्पल असतील तर पीक अवरची लोकल टाळा. पहिल्यांदा दोनतीनच सॅम्पल करून बघा, जमलं तर पुढचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नावं. फर्स्ट ऑथर कोण, करस्पाँडिंग (पेपरबद्दलच्या पत्रव्यवहाराला जबाबदार) कोण, डेटा कोणाकडे राहणार, हे पहिल्याच मीटिंगनंतर मेलवर लिहून घ्या. माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी आम्ही "बघू नंतर" म्हटलं आणि तयार पेपर सहा महिने पडून राहिला, दोन्हीकडची मुलं रडकुंडीला आली. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या लॅबमधल्या ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांचा २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा पेपर पाच हजारांवर लोकांचा आहे, तिथे पहिलं नाव कोणाचं याला काही अर्थच उरत नाही, पण आपल्या चार जणांच्या पेपरमध्ये त्यावर नोकरी ठरते हो.

पेशंटची सॅम्पल असतील तर एथिक्स कमिटीच्या अर्जात दुसऱ्या लॅबचं नाव सुरुवातीलाच घाला, परदेशातली लॅब असेल तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत वेगळी मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून सॅम्पल जमवायच्या आधीच कागद हलवायला घ्या.