जर्मनीतली पीएचडी : माझ्या ईमेलना उत्तर का येत नव्हतं

चाळीसेक प्राध्यापकांना ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. मी शिष्यवृत्ती शोधत होतो, आणि चूक तिथेच होती. जर्मनीत पीएचडीच्या बऱ्याचशा जागा म्हणजे पगारी नोकऱ्या असतात. जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई १३, ६५ टक्के’ असं दिसलं, की ती जर्मन राज्यांच्या सरकारी वेतनकरारातल्या त्या श्रेणीतली, ६५ टक्के वेळेची नोकरी समजायची. डाड (डीएएडी) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची शिष्यवृत्ती हा वेगळा रस्ता.

मग ‘आदरणीय सर, मला आपल्या विषयात रस आहे’ हा साचा फेकून दिला. दिवसाला एकच ईमेल. आधी त्यांचा ताजा शोधनिबंध वाचायचा, त्यातल्या एका आलेखाबद्दल नेमका प्रश्न विचारायचा, आणि कपाशीच्या मुळांजवळच्या जिवाणूंवर एमएस्सीला मी काय मोजलं ते चार ओळींत. सीव्ही, गुणपत्रिका सगळं एकाच पीडीएफमध्ये.

गुणांचाही घोळ होता. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. माझे १० पैकी ७.८, उत्तीर्णतेला ४. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलणाऱ्या बव्हेरियन सूत्राने ते २.१ झाले. तेही सीव्हीत लिहिलं.

नवव्या ईमेलला उत्तर आलं : ‘गुरुवारी बोलू या.’ आईला ते तीनदा वाचून दाखवलं.