ढाण्यावरचं पहिलं वर्ष

यंदा मेळघाटातल्या आमच्या कोरकू आदिवासींच्या गावात तीन नवी माणसं येणार आहेत. शाळेवर एक शिक्षक, उपकेंद्रात एक आरोग्यसेविका आणि ग्रामपंचायतीला ग्रामसेवक. तिघांचेही फोन येऊन गेले. रस्ता कसा आहे, नेटवर्क येतं का, गॅस मिळतो का, वाघ गावात येतो का, हे सगळं त्यांनी विचारलं. बोलायचं कोणत्या भाषेत, हे कुणीच विचारलं नाही. मीही २००४ च्या जूनमध्ये माण तालुक्यातून इथं आले, तेव्हा विचारलं नव्हतं. ते न विचारल्यामुळं माझं पहिलं वर्ष फुकट गेलं आणि माझ्या वर्गातल्या मुलांचंही. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. शंभराच्या आत घरं आहेत, नाव लिहिलं की माणसं ओळखू येतील. चिखलदऱ्याच्या पठारावरून सिपना नदीच्या अंगाला उतरणाऱ्या एका सोंडेवर आम्ही आहोत, एवढं पुरे. रेल्वेनं आलात तर बडनेऱ्याला उतरा. तिथून अमरावती, पुढं पन्नासेक किलोमीटरवर परतवाडा. परतवाड्यापर्यंत वऱ्हाडाची काळी सपाट जमीन, कापूस, तूर, संत्र्याच्या बागा. तिथून घाट लागला की सातपुड्याची ही गाविलगडची रांग सुरू होते. चिखलदरा साधारण अकराशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात खाली अंगाची लाही होत असते आणि वर रात्री पांघरूण लागतं. थंडीत एक गोधडी पुरत नाही.

कोरकू लोक वस्तीला ढाणा म्हणतात. आमच्या ढाण्यात समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या दोन सरळ ओळी आहेत आणि मधून रुंद रस्ता. बांबूच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर कवेलू, म्हणजे कौलं. अंगण इतकं चोख सारवलेलं असतं की चपला घालून पाऊल टाकवत नाही. टाकूही नका, काठावर काढून ठेवा. गावाच्या शिवेवर दगडांची एक रास दिसेल, तो मुठवा देव. झाडाखाली सागाच्या कोरीव फळ्या रोवलेल्या दिसतील. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले असतात. ते मुंडे आहेत, गेलेल्या माणसांच्या आठवणीचे. माझ्यानंतर आलेल्या एका सहकाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात एका मुंड्याला टेकवून मोटरसायकल लावली. कुणी काही बोललं नाही. पण त्या घरातली दोन्ही मुलं पंधरा दिवस शाळेत आली नाहीत, आणि का येत नाहीत ते त्याला कळायला महिना गेला.

इथली माणसं रागावली तर भांडत नाहीत, गप्प होतात. बाहेरून आलेला माणूस त्या गप्प बसण्याला होकार समजतो, नाहीतर अडाणीपणा समजतो. दोन्ही चूक आहे.

आता भाषेचं. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली आहे असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, ते ऐकू नका. ती मुंडा कुळातली भाषा आहे. तिच्या बहिणी म्हणजे संताली, मुंडारी, त्या इथून शेकडो कोस दूर झारखंड-ओडिशाकडं बोलल्या जातात. कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची ही भाषा आपल्या मेळघाटात राहिली. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला अनेकवचनाचा ‘कू’ लागला की कोरकू, म्हणजे माणसं. सिपना म्हणजे साग, त्या नदीला सागाचं नाव आहे. कूला म्हणजे वाघ. ऊरा म्हणजे घर. आणि दा म्हणजे पाणी.

हा शेवटचा शब्द मी कशी शिकले ते सांगते. पहिलीतली एक मुलगी दुपारी माझ्याजवळ येऊन ‘दा, दा’ म्हणत उभी राहिली. मला वाटलं, ती भावाला हाक मारते आहे. मी तिला चौथीच्या वर्गात भावाकडं नेऊन बसवलं. थोड्या वेळानं ती परत आली, पुन्हा तेच. मी पुन्हा नेऊन बसवलं. शेवटी चौथीतल्या एका मोठ्या मुलीनं उठून तिला माठातलं पाणी दिलं आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, पण मला अजून ते आठवतं. सहा वर्षांचं मूल ज्या भाषेत पाणी मागतं तीच मला येत नव्हती, आणि मी त्याला मराठी बाराखडी शिकवायला बसले होते.

म्हणून गुरुजी, तुम्हाला माझं सांगणं असं आहे. पहिले दोन महिने पुस्तकाची घाई करू नका. वही घ्या, तिसरी-चौथीतली दोन मुलं जवळ बसवा आणि त्यांना तुमचे मास्तर करा. घरातल्या वस्तू, अंगाचे अवयव, झाडं, ढोरं, ‘ये’, ‘बस’, ‘दुखतं का’, ‘भूक लागली का’, एवढे शब्द आधी उतरवा. तुम्ही चुकलात की मुलं हसतील. हसू द्या, मुलं त्यानंतरच बोलायला लागतात. आरोग्यसेविकाताई, तुम्हाला ‘दुखतं कुठं’ हे कोरकूत विचारता आलं तर निम्मं काम झालं.

मोठ्या माणसांशी तोवर हिंदीत बोला. धारणीकडून बऱ्हाणपूर-खंडव्याचा शेजार असल्यानं इथल्या म्हाताऱ्यांना आपल्या पुस्तकी मराठीपेक्षा हिंदी जवळची आहे. परतवाड्याच्या बाजारात मात्र वऱ्हाडी कानावर येईल. शेत म्हणजे वावर, बैलगाडी म्हणजे बंडी, घरामागची मोकळी जागा म्हणजे सांदवाडी, ‘का’ म्हणजे ‘काऊन’. माणदेशात आम्ही शेताला रान म्हणतो. मी इथं ‘रानात जाऊन येते’ म्हणाले की बायका घाबरायच्या, कारण रान म्हणजे इथं जंगल.

गावात सगळेच कोरकू नाहीत. गवळ्यांची काही घरं आहेत, दूध आणि खवा हा त्यांचा धंदा. वर मोथ्याकडं त्यांची वस्ती मोठी आहे, तिकडं अलीकडं स्ट्रॉबेरीही लावतात. चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. हे सगळं सहलीला येणाऱ्यांना माहीत असतं, तुम्ही रजेच्या दिवशी बघून या.

गावाचं वर्ष जूनपासून मोजा. पेरणी, मग निंदण. आता सोयाबीन जास्त झालं, पण डोंगरउताराच्या वावरात कोदो-कुटकी ही बारीक भरड धान्यं अजून दिसतात. कुणी कुटकीचा भात वाढला तर नाही म्हणू नका, तो पाहुण्यासाठी राखलेला असतो. पावसाळ्यात तरोटा, कटुले, बांबूचे कोंब अशी रानभाजी घरोघरी असते. पण हाच काळ घरातल्या धान्याच्या कोठ्या रिकाम्या होण्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये मुलं वर्गात पेंगायला लागली तर त्यांच्यावर ओरडण्याआधी सकाळी काय खाल्लं ते विचारा.

दिवाळी झाली की गाव रिकामं होऊ लागतं. वीटभट्ट्या, हरभऱ्याची सोंगणी, बांधकामं. खाली वऱ्हाडात आणि मध्य प्रदेशात माणसं मजुरीला जातात, मुलांना घेऊन जातात. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात माझा वर्ग अर्धा झाला आणि मी हजेरीपटावर लाल शेरे मारत बसले. आता दिवाळीआधीच्या पंधरवड्यात मी घरोघर फिरते. कोण जाणार, कुठं जाणार, घरी आजी राहणार का. आजी राहणार असेल तर मूल तिच्याजवळ ठेवायला आईबाप बहुतेक वेळा तयार होतात, पण ते गाडीत बसण्याच्या दिवशी सांगून होत नाही. ताई, गरोदर बाया कुठल्या भट्टीवर चालल्या हेही तुम्हाला याच दिवसांत कळेल.

होळीला सगळे परत येतात. इथं दिवाळीपेक्षा होळी मोठी आहे, पाच दिवस चालते. बायका रस्त्यावर दोर धरून गाडी अडवतात आणि फगवा मागतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि हसून द्या. मेघनाथाचा खांब उभा राहतो, त्याची पूजा होते. मेघनाथ रावणाचा मुलगा, तो इथं पूजेला आहे. रामायण आपण जसं ऐकलं तसंच ते सगळ्यांनी ऐकलं असेल असं धरून शाळेत बोलू नका. रात्री गादली-सुसून नाच होतो. बायकांच्या ओळीत मला पहिल्यांदा हात धरून ओढलं गेलं ते तिसऱ्या वर्षी. आधीची दोन वर्षं मी होळीला गावी माणला जात होते. माझी कळकळीची विनंती आहे, पहिली होळी इथंच काढा.

लगेच मोहाचे दिवस येतात. फुलं पहाटे गळतात, बायकामुलं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. मोह म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापुढं दारू येते. इथल्या बाईच्या डोळ्यापुढं वाळवलेली फुलं विकून येणारं मीठ, तेल आणि कापड असतं. अस्वलही त्याच झाडाखाली त्याच वेळी येतं. आमच्या गावातल्या एका माणसाचा खांदा असा गेला. मे महिन्यात तेंदूपत्ता. या दोन हंगामांत कुणी सभेला आलं नाही तर त्यांना उदासीन समजू नका.

आता दवाखान्याचं, आणि हे मला लिहायला जड जातं. शेजारच्या घरात दोन महिन्यांचं बाळ रात्रभर रडत होतं, पोट फुगलं होतं. सकाळी मी गेले तेव्हा त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके होते. त्याला डंबा म्हणतात. मी तिथंच आजीवर ओरडले, अंगणात माणसं जमली असताना ओरडले. बाळ वाचलं. पण त्या घराचं दार मला वर्षभर बंद झालं, आणि त्याच घरातलं पुढचं दुखणं माझ्यापासून लपवलं गेलं. पुढं बोलणं सुरू झाल्यावर आजीनं विचारलं, ‘पोर रातभर रोया. उस टैम तू क्या देती?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. गाडी नव्हती, औषध नव्हतं, मी झोपले होते. डंबा चूक आहे, त्यात अजिबात शंका ठेवू नका. फक्त ते सांगायला जाताना हातात काहीतरी द्यायला असावं. आशाताईला बरोबर घ्या, बाळंतपणाआधी आजीशी दोस्ती करा, रात्री दार वाजवलं तर उठा. भूमक्याचा, म्हणजे गावच्या देवऋषी-वैदूचा, पाणउतारा करू नका. आमचा भूमका आज स्वतः बाळाला उपकेंद्रात घेऊन येतो. त्याला नऊ वर्षं लागली.

इथं टिकून काम केलेली माणसं आहेत, त्यांना जाऊन भेटा. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांचं रुग्णालय आहे. कुपोषणाच्या बातम्यांनी १९९३ पासून मेळघाटाचं नाव देशभर झालं, आणि तेव्हापासून इथल्या आयांनी आपल्या लेकरांचे किती फोटो काढू दिले असतील याचा हिशेब नाही. तुम्ही फोन खिशातच ठेवा.

ग्रामसेवक भाऊ, तुमच्यासाठी दोन गोष्टी. चिखलदरा आणि धारणी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत, इथं पेसा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे. ग्रामसभा ही सहीपुरती नाही. ठराव वाचून दाखवा, मग कुणाला तरी तो कोरकूत सांगायला लावा, आणि गप्प बसलेल्यांना पुन्हा विचारा. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याचा उपयोग कसा होतो ते बघायला पायविहीरला जा. त्या गावानं सामूहिक वनहक्क मिळवून उजाड डोंगर राखला आणि सीताफळं विकली. दुसरी गोष्ट, कुणी स्वस्तात जमीन दाखवली तर लांब राहा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि तोंडी व्यवहारानं घेतलेल्या तुकड्यानं इथं मोठी दुःखं झाली आहेत.

पुनर्वसनावर मत देऊ नका. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. कोहा, कुंड, बोरी ही गावं जंगलातून उठून खाली गेली, इतरही गेली. आमच्या प्रत्येक घराचा सोयरा त्यात आहे. ऐकून घ्या.

पाण्याचं थोडक्यात. पाऊस धो धो पडतो, पण खडक काळा, उतार मोठा, पाणी थांबत नाही. खडीमलसारख्या गावात टँकर विहिरीत ओततात आणि बायका वरून दोर सोडतात, हे दृश्य तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्याकडं तेवढं नाही, पण एप्रिलपासून विहिरीवर पाळी लागते. क्वार्टरसाठी वेगळी टाकी मागू नका. हंडा घेऊन रांगेत उभ्या राहा, उभे राहा. शब्दही तिथंच भराभर येतात.

येताना परतवाड्यातून घ्या: मच्छरदाणी, चांगली बॅटरी, सौर दिवा, गमबूट, तीन महिन्यांचं तेल-तिखट-डाळ, आणि कोरी वही. धान्यात कडुनिंबाचा पाला घाला, पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. अंधार पडल्यावर दुचाकीवर घाट चढू नका. मुक्कामी गाडी संध्याकाळी फाट्यावर थांबते, तिथून गाव दीड किलोमीटर चालत. कोणत्या दिवशी निघताय ते कळवा. मी फाट्यावर येते, बरोबर चौथीतली दोन मुलं असतील. वाटेत त्यांना झाडांची नावं विचारायला सुरुवात करा.