गेस्टला डिस्क दिसेना? ड्रायव्हरमधला दोष असा शोधा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात जुना लिनक्स सर्व्हर केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) हलवला, तर तो बूट होता होता इमर्जन्सी शेलमध्ये, म्हणजे बूट अर्धवट राहिल्यावर मिळणाऱ्या कमांड लाइनवर, अडकला. रूट डिस्क, म्हणजे मूळ सिस्टम असलेली डिस्क, सापडत नव्हती. अशा वेळी पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. डेटा बहुधा जागच्या जागी असतो.

आधी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच गेस्ट; ती ज्या खऱ्या मशीनवर चालते ती होस्ट) बंद करून डिस्क इमेजची, म्हणजे तिची डिस्क साठवलेल्या फाइलची, प्रत काढा. मग सिरियल कन्सोल (बूटचे संदेश मजकूर म्हणून बाहेर देणारा पोर्ट) जोडा, कर्नलच्या बूट ओळीत कन्सोल म्हणून टीटीवायएस० (पहिला सिरियल पोर्ट) द्या आणि संदेश लपवणारा 'क्वाएट' खोडा. स्क्रीनवरून भर्रकन निघून जाणाऱ्या ओळीच नेमक्या कामाच्या असतात. ही पायरी मी कधीच गाळत नाही.

आता साखळी कुठे तुटली ते पाहा. सिसएफएसमध्ये (/sys, जिथे कर्नल त्याला दिसणारी डिव्हाइसं मांडतो) पीसीआय डिव्हाइसांच्या यादीत १एएफ४ हा व्हेंडर क्रमांक, म्हणजे व्हर्टआयओ (व्हीएमसाठीची आभासी डिव्हाइसं), आहे का? नसेल तर होस्टवरची व्हीएमची सेटिंग तपासा, गेस्टमध्ये शोधून हाती काही लागणार नाही. तो आहे, पण व्हर्टआयओ बसची यादी रिकामी आहे? मग व्हर्टआयओ-पीसीआय हा ड्रायव्हर लोड झालेला नाही. यादीत डिस्क आहे, पण तिला ड्रायव्हरची लिंक नाही? मग व्हर्टआयओ-ब्लॉक हा डिस्कचा ड्रायव्हर गायब आहे.

आमच्याकडे हेच झालं होतं. ड्रॅकट हे साधन 'होस्ट-ओन्ली' पद्धतीने इनिटरॅमएफएस (रूट डिस्क सापडेपर्यंत बूटला लागणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टम) बनवतं, तेव्हा त्या मशीनला लागणारे ड्रायव्हरच आत घेतं. जुन्या हार्डवेअरवर व्हर्टआयओ लागतच नव्हतं. उपाय: डिस्क तात्पुरती साटा कंट्रोलरवर लावून बूट करा, दोन्ही ड्रायव्हर घालून इनिटरॅमएफएस नव्याने बनवा, मग डिस्क परत व्हर्टआयओवर न्या. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) एसडीए हे डिस्कचं नाव लिहिलेलं असेल तर तिथे यूयूआयडी (न बदलणारी ओळख) घाला, कारण आता तीच डिस्क व्हीडीए होते.

ड्रायव्हर लोड होऊनही डिस्क गोठते, 'टास्क १२० सेकंदांहून जास्त ब्लॉक' असा इशारा येतो, तेव्हा गोष्ट अवघड. सिसएफएसमधली त्या डिस्कची 'इनफ्लाइट' फाइल वाचा, तिच्यात अजून पूर्ण न झालेल्या विनंत्यांचा आकडा असतो. तो हलत नसेल तर प्रॉक-इंटरप्ट्समध्ये (/proc/interrupts, इंटरप्ट म्हणजे 'काम झालं' असा डिव्हाइसचा इशारा) डिस्कच्या ओळीची मोजणी वाढते का बघा, आणि होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयूचे व्हर्टआयओ-ब्लॉकचे ट्रेस (घडामोडींची नोंद) चालू करा. होस्टने विनंती पूर्ण केली, पण गेस्टमधली मोजणी वाढली नाही, तर इंटरप्ट वाटेत हरवतोय. होस्टकडेच पूर्ण झाली नसेल, तर ड्रायव्हर सोडा आणि होस्टचं स्टोरेज तपासा.