पोर्तुगालातली नोंदणी अडते कुठे? या चुका टाळा

गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या जन्माच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व हवं असेल तर जन्म आणि लग्नाची नोंद पोर्तुगालात करावी लागते. त्यासाठी लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात लागणारी रांग आपल्या हातात नाही. पण नंबर लागल्यावर फाइल त्रुटी काढून परत येते, ती बहुतेक वेळा गोव्यातच राहून गेलेल्या चुकीमुळे.

सगळ्यात मोठी अडचण नावांची. आजोबांच्या तेओरवर, म्हणजे मूळ नोंदीच्या पूर्ण मजकुराच्या प्रतीवर, आडनाव 'पोरोबो', वडिलांच्या जन्मनोंदीत त्याच आजोबांचं 'प्रभू', आणि आधार कार्डावर 'प्रभू देसाई'. घरच्यांसाठी माणूस एकच; लिस्बनच्या अधिकाऱ्यासमोर मात्र तिघे उभे राहतात. बायकांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. माहेरची शशिकला सासरी सुनंदा झाली, आणि मुलांच्या दाखल्यांवर आई म्हणून सुनंदाच लागली, तर तिच्या जन्मनोंदीशी मुलांचा धागा जुळत नाही. विवाहाच्या नोंदीत कोणतं नाव आहे, ते आधी बघा.

म्हणून अर्जाआधी तिन्ही पिढ्यांचे दाखले टेबलावर शेजारी शेजारी मांडा. नाव, आईवडील, जन्मतारीख आणि गाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. कारकुनाच्या हातून झालेली चूक तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे रीतसर दुरुस्त करून घ्या. नुसता स्पेलिंगचा फरक असेल तर 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करा आणि सोबत जुने शाळेचे दाखले जोडा. जन्मतारीखच वेगळी असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, मूळ नोंदच सुधारून घ्या.

हे सगळं अपोस्टिलच्या आधी, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर सरकारी प्रमाणशिक्का घेण्याआधी. अपोस्टिल झाल्यावर दुरुस्ती केली की नवी प्रत काढावी लागते आणि तिच्यावर पुन्हा अपोस्टिल. प्रत मागताना संक्षिप्त दाखला नको, पूर्ण मजकुराची तेओरच घ्या आणि कृपा करून ती लॅमिनेट करू नका. नोटरीने शिक्का मारलेल्या झेरॉक्सवरचा अपोस्टिल त्या नोटरीच्या सहीपुरता असतो, तुमच्या जन्मनोंदीला तो लागू होत नाही.

क्रमही चुकवू नका. ज्याच्या 19 डिसेंबर 1961 पूर्वीच्या गोव्यातल्या जन्मावर हक्क उभा आहे त्याची जन्मनोंद आधी, मग त्याचं लग्न, मग मुलं. इथे गोव्याची खास गोची आहे. देवळात लग्न लागलं, निबंधकाकडे पहिली सही झाली, पण दुसरी राहिली, तर नागरी विवाह नोंदच झालेली नसते. कित्येक जोडप्यांना हे पुढे कधीतरी तेओर मागायला गेल्यावर कळतं. आणि लग्न पोर्तुगालात नोंदलेलं नसेल तर पती किंवा पत्नीला कुटुंबीय म्हणून तिकडे बोलावण्याच्या अर्जाला आधारच राहत नाही. तिथला निवासाचा अर्ज 29 ऑक्टोबर 2023 पासून आयमा ही स्थलांतरितांचं काम बघणारी सरकारी संस्था बघते, आधी ते काम करणारी सेफ ही संस्था बंद झाली.

अर्जावर एजंटाचा नव्हे, स्वतःचा ईमेल द्या. त्रुटीचं पत्र एजंटाकडे पडून राहतं आणि उत्तराची मुदत टळून जाते. उशीर होतोय म्हणून दुसरा अर्जही टाकू नका, एकाच माणसाच्या दोन फायली झाल्या की दोन्ही अडतात.

पोर्तुगीज पासपोर्ट हाती आल्यावर भारतीय पासपोर्ट वापरू नका, तो लगेच जमा करा. त्या जमा केल्याच्या प्रमाणपत्राशिवाय ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज अडू शकतो.