सर्व्हर लॅग मारतोय? रॅम वाढवण्याआधी हे तपासा

रात्री नऊनंतर माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर नुसतं ‘लॅग मारतोय’, म्हणजे खेळ अडकतोय, असं येतं आणि सर्व्हर सांभाळणारा ॲडमिन लगेच रॅम वाढवतो. बहुतेक वेळा त्याने काहीच फरक पडत नाही. लॅग तीन जागी असू शकतो: सर्व्हरच्या टिकमध्ये (टिक म्हणजे खेळाचं जग एक पाऊल पुढे सरकवणारी फेरी), मधल्या इंटरनेट लाइनवर किंवा खेळणाऱ्याच्या पीसीवर. आधी जागा ठरवा, सेटिंगला हात नंतर.

पहिला प्रश्न एवढाच: कोणाकोणाला अडकतंय? कोल्हापुरात राजारामपुरीतला, कागलचा, इचलकरंजीचा असे सगळे एकाच क्षणी अडकले, तर दोष सर्व्हरचा किंवा सर्व्हरच्या लाइनचा. एकाच कंपनीचं कनेक्शन असणाऱ्यांनाच त्रास होत असेल तर रूट, म्हणजे डेटा जायचा रस्ता, बघा. एकट्यालाच होत असेल तर त्याला वाय-फाय सोडून केबल लावायला सांगा, आणि एफपीएस (त्याच्या पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा) पडतोय का तेही विचारा. एफपीएस पडत असेल तर सर्व्हरचा काही संबंध नाही.

माइनक्राफ्ट जावा सर्व्हर सेकंदाला २० टिक चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. काउंटर-स्ट्राइक २ या गोळीबाराच्या खेळात ६४ टिक असतात, तिथे हातात जेमतेम १५.६ मिलिसेकंद. काम त्या वेळेत बसलं नाही की माइनक्राफ्टमध्ये तोडलेला ब्लॉक परत येतो, दार उशिरा उघडतं, गाई जागच्या जागी थिजतात. पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मात्र चांगलाच दिसतो. लॉगमध्ये ‘कान्ट कीप अप’ अशी ओळ येत असेल तर शंकाच नको.

पेपर सर्व्हरवर (पेपर हे माइनक्राफ्टचं एक सर्व्हर सॉफ्टवेअर) सगळे टीपीएस, म्हणजे सेकंदाला किती टिक झाले ते, बघतात. बघायचा तो एमएसपीटी, म्हणजे एका टिकला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. ४५ एमएसपीटीलाही टीपीएस २० च दाखवतो, पण आणखी चार पोरं आत आली की सर्व्हर बसलाच. गर्दीच्या वेळी सरासरी ३०-३५ च्या आत हवी. नुसत्या सरासरीवरही जाऊ नका, सर्वात लांबलेला टिक किती होता तेही बघा. दर पाच मिनिटांनी ठरल्यासारखा झटका येत असेल तर तो ऑटोसेव्ह, म्हणजे वर्ल्ड आपोआप डिस्कवर साठवणं: ६००० टिक म्हणजे बरोबर ५ मिनिटं. वर्ल्ड जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. झटका रोज ठरावीक वेळी येत असेल तर क्रॉनमधला (लिनक्समध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा) बॅकअप शोधा आणि तो पहाटे चारला ठेवा.

कारण शोधायला स्पार्क हे प्लगइन वापरा. लॅग चालू असतानाच त्यातला प्रोफायलर (कशावर किती वेळ जातो ते मोजणारा) सुरू करा, पाच-दहा मिनिटांनी थांबवा आणि मिळालेल्या लिंकवर ‘सर्व्हर थ्रेड’ ही टिकच्या कामाची ओळ उलगडून बघा. सकाळी रिकाम्या सर्व्हरवर घेतलेला प्रोफाइल कचऱ्यात टाकायच्या लायकीचा. एंटिटीवर, म्हणजे खेळातले प्राणी, गावकरी, राक्षस वगैरेंवर, जास्त वेळ जात असेल तर गावकऱ्यांचे कोंडवाडे आणि मॉब फार्म (राक्षस-प्राणी तयार करायच्या जागा) आटोपते घ्या. हॉपर (वस्तू पुढे सरकवणारे ब्लॉक) दिसले तर लांबलचक रांगा तोडा. नवीन चंक (नकाशाचे १६ गुणिले १६ ब्लॉकचे तुकडे) बनवण्यात वेळ जात असेल तर वर्ल्ड बॉर्डर, म्हणजे जगाला हद्द, घाला आणि चंकी या प्लगइनने सगळा नकाशा आधीच तयार करून ठेवा, कारण इलिट्रावर (खेळातल्या पंखांवर) उडणारा एकटा गडी अख्खा सर्व्हर लोळवू शकतो.

सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती चंकपर्यंत जग चालू ठेवायचं ते) १० असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक येतात. ६ केलं की १६९ उरतात. खेळात फारसं जाणवत नाही, भार मात्र निम्म्याहून कमी होतो. व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे किती चंकपर्यंत दिसावं ते, ८ ठेवा.

‘सीपीयू तर १३ टक्केच वापरला जातोय’ हे वाक्य फसवं आहे. टिकचं मुख्य काम एकाच कोअरवर चालतं. आठ कोअरपैकी एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा साडेबाराच दिसतो: आचारी आठ, पण पातेलं एकच. लिनक्सच्या एचटॉप कमांडमध्ये कोअर वेगवेगळे बघा. व्हीपीएस (मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला तुकडा) घेतलेला असेल तर व्हीएमस्टॅट कमांडमधला ‘एसटी’ रकाना बघा. तो सतत पाचच्या वर राहिला तर त्याच मशीनवरचे शेजारी तुमचा सीपीयूचा वेळ खातायत. प्लॅन किंवा होस्ट बदला. रॅमचं म्हणाल तर ८ जीबीच्या मशीनवर जावाला ५-६ जीबी द्या, एक्सएमएस आणि एक्सएमएक्स (जावाची सुरुवातीची आणि जास्तीत जास्त मेमरी) सारखेच ठेवा आणि स्वॅप, म्हणजे रॅम भरल्यावर डिस्कवर घेतलेली जागा, वापरला जात नाही ना हे पाहा.

टिक ठीक असेल तर लाइनकडे वळा. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन कमीत कमी ४ मिलिसेकंद. प्रत्यक्षात १० ते २५ आला तर तक्रार करू नका. सिंगापूरचा सर्व्हर ४० च्या खाली येणारच नाही, मग राउटर कितीही महागडा घ्या.

एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचा पिंग आणि लॉस दाखवणारी कमांड) २०० पाकिटांवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यांवर, चालवा. मधल्या एका टप्प्यावर ४० टक्के लॉस (हरवलेली पाकिटं) आणि पुढे शून्य असेल तर घाबरू नका. तो राउटर उत्तर द्यायला टाळतोय, इतकंच. लॉस शेवटच्या ओळीपर्यंत पोचला तरच तो खरा.

सर्व्हर घरी असेल तर मोठी फाइल अपलोडला लावून पिंग बघा. १० चा २०० झाला तर राउटरच्या रांगेत पाकिटं तुंबतायत. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर एसक्यूएम (पाकिटांची रांग आटोक्यात ठेवणारी सोय) चालू करा, त्यात केक हा पर्याय निवडा आणि मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के मर्यादा घाला. राउटरवर ती सोय नसेल तर निदान बॅकअपच्या अपलोडला लगाम लावा.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीतला पीसी तापला की सीपीयू आपणच क्लॉक कमी करतो आणि दुपारी टीपीएस पडतो, रात्री बरा होतो. सेन्सर्स कमांडने तापमान बघा, हीटसिंकमधली धूळ काढा. उद्यमनगरसारख्या कारखान्यांच्या भागात राहत असाल तर हे वरचेवर करा. वीज गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर चालतो आणि ओएनटी (फायबरचा मॉडेम) बंद पडतो, हेही नेहमीचंच. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा.

रूटच खराब निघाला तर तो दुरुस्त करणं तुमच्या हातात नाही, पण इंटरनेटवाल्याला ‘गेम अडकतोय’ सांगून काही होत नाही. लॅगच्या वेळचा आणि दुपारचा असे दोन एमटीआर, दोन्ही बाजूंनी (खेळाडूकडून आणि सर्व्हरकडून) घेतलेले, वेळेसकट पाठवा. जायचा आणि यायचा रस्ता वेगळा असू शकतो, म्हणून एकाच बाजूचा पुरत नाही.