अलंकार शिकताना: आधी उपमेयाचं काय झालं ते बघा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून मराठी व्याकरणाचं कुठलंही पुस्तक घ्या, अलंकारांचं प्रकरण बहुधा यादीसारखंच असतं. नाव, व्याख्या, एक-दोन ठरलेल्या ओळी. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि एम. ए. मराठीला नव्याने आलेले, दोघंही ती यादी घोकतात आणि अनोळखी ओळ आली की अडतात. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या आलंकारिकांनी, म्हणजे अलंकारांवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी, एकेक बारकावा वेगळा काढत ही संख्या शंभरावर नेली. तेव्हा नावं पाठ करण्याआधी तो बारकावा पकडायला शिकावं.

ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान. परीक्षेत हमखास येणाऱ्या बऱ्याच अर्थालंकारांचा, म्हणजे अर्थावर उभ्या असलेल्या अलंकारांचा, निकाल या दोघांच्या नात्यावर लागतो. एकच जोडी घ्या. गणपतीच्या आदल्या रविवारची लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी हे उपमेय, पूर हे उपमान. 'गर्दी पुरासारखी वाहत होती' यात दोन्ही वेगळी राहिली, फक्त साम्य दाखवलं, ही उपमा. 'ही गर्दी म्हणजे जणू मुठेचा पूरच' यात उपमेय हेच उपमान असावं अशी कल्पना केली; उत्प्रेक्षा. 'गर्दीच्या पुरात दुकानं बुडाली' म्हटलं की दोघांतला भेदच गेला, रूपक. 'ही गर्दी नव्हे, पूर आहे' यात उपमेय चक्क नाकारलं, अपन्हुती. 'गर्दी म्हणावी की पूर?' हा ससंदेह. 'पूर निदान ओसरतो, ही गर्दी ओसरायचं नाव घेत नाही' यात उपमेयाने उपमानावर मात केली, व्यतिरेक. आणि 'लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीला उपमा त्याच गर्दीची' हा अनन्वय. स्वतःची एखादी जोडी घेऊन ही सातही वाक्यं लिहून काढा. पाचव्या-सहाव्या वाक्याला जोडी अपुरी पडली, तर उपमान बदलून पुन्हा बसा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या खुणेच्या शब्दावर विसंबल्याने. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, असं ठोकून दिलं जातं. 'तो सारखा फोन करतो' यात तुलनाच नाही. 'तुझ्यासारख्याने असं बोलावं?' यातही नाही. यावर उपाय म्हणजे वहीच्या पानावर चार रकाने: उपमेय, उपमान, समान धर्म (दोघांत सारखा असलेला गुण), साधर्म्यदर्शक शब्द ('सारखा', 'जणू' वगैरे). चारही भरले तर पूर्णोपमा. तुलना आहे पण एखादा रकाना रिकामा राहिला तर लुप्तोपमा. पहिले दोन भरताच येत नसतील तर उपमेचा विचार सोडून द्यावा.

दृष्टांत आणि अर्थान्तरन्यास यांची गल्लत त्याखालोखाल. 'पहिल्याच पावसात रस्ता उखडला. घाईत उरकलेलं काम टिकत नाही.' इथे एका विशिष्ट गोष्टीला सामान्य विधानाचा आधार दिला, म्हणून अर्थान्तरन्यास. 'पहिल्याच पावसात रस्ता उखडला. कच्च्या रंगाची साडी पहिल्या धुण्यातच विटते.' दोन्ही गोष्टी विशिष्ट, एकीत दुसरीचं प्रतिबिंब, मध्ये 'सारखा' वगैरे शब्द नाही, हा दृष्टांत. दुसरं विधान तसंच उचलून भलत्या प्रसंगाला लावता आलं तर ते सामान्य, ही कसोटी बहुतेक वेळा पुरते.

शब्दालंकार, म्हणजे शब्दांवर किंवा अक्षरांवर उभे असलेले अलंकार, त्या मानाने सोपे. अनुप्रासात अक्षराची पुनरावृत्ती कुठेही चालते, यमकात ठराविक जागी, मराठीत बहुधा चरणाच्या शेवटी. श्लेषाला मात्र प्रतिशब्द घालून बघावं. 'मित्राच्या उदयाने कोणाला आनंद होत नाही?' यात 'मित्र' म्हणजे सूर्यही आणि सखाही. 'मित्र' काढून 'दोस्त' घातला की दुसरा अर्थ उडाला, म्हणजे हा शब्दश्लेष. प्रतिशब्द घालूनही दोन्ही अर्थ टिकले तर अर्थश्लेष.

व्याजस्तुतीचे नमुने पेठांमधल्या फाटकांवर वाचायला मिळतात. 'आपण दारात गाडी लावलीत, त्यामुळे आज घरी विश्रांती मिळाली. आभारी आहोत.' वर स्तुती, आत निंदा. असा मजकूर दिसला की थांबून शब्दशः अर्थ आणि हेतू दोन ओळींत वेगळे लिहावेत. उपरोध कळतो सगळ्यांनाच, तो नेमका कोणत्या शब्दावर फिरला हे सांगता यायला हवं. इथे तो शब्द 'विश्रांती'.

हे सगळं ओळखता येऊ लागलं की स्वतःच्या लेखनाकडे वळावं. नवख्यांच्या लेखांत हटकून सापडतो तो दोष प्रतिमांच्या सरमिसळीचा. 'विचारांचं बीज पेरलं आणि त्याची ज्योत घराघरांत पोहोचली.' बीजातून ज्योत निघत नाही, म्हणून वाचक अडखळतो. बीज ठेवायचं तर पुढे अंकुर, रोप, पीक यांतलंच काही हवं. ज्योत ठेवायची तर आधी ठिणगी. मात्र 'घड्याळाचे काटे', 'डोंगराचा पायथा' हे झिजून साधे शब्द झालेत, त्यांची धास्ती नको. दुरुस्ती करताना परिच्छेदातल्या उपमानांखाली पेन्सिलीने रेघ मारा. सलग दोन वाक्यांत दोन वेगळ्या प्रांतांतली उपमानं आली असतील तर एक खोडा, आणि खोडताना ज्याचा समान धर्म पटकन सांगता येत नाही त्यालाच आधी हात घाला.